दिल्ली–औरंगाबाद मार्ग : अंतर व प्रवासकाल

दिल्ली–औरंगाबाद मार्ग : उत्तर भारताचे मैदान व दख्खनचे पठार यांना माळव्यावरून जोडणारा ऐतिहासिक मार्ग. त्याचे दक्षिण टोक चौदाव्या शतकात दौलताबाद (देवगिरी) हे होते. सतराव्या शतकापासून तेथून सु. १५ किमी.वरील औरंगाबाद या शहरास ते स्थान मिळाले. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या खडकी या गावास १६५३ मध्ये औरंगाबाद हे नाव पडले व २०२३ मध्ये शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर असे झाले. विसाव्या शतकात या मार्गाची दोन्ही टोके दिल्लीचा पालम (इंदिरा गांधी) विमानतळ व औरंगाबादचा चिकलठाणा विमानतळ यांच्या रूपाने आकाशमार्गे जोडली गेली. सहाशे वर्षांत या दोन स्थळांमधील अंतर बदललेले नाही. ते ओलांडण्यास लागणारा काळ मात्र चाळीस दिवसांवरून दोन तासांच्या आत आला. राज्याचा विस्तार मैलांनी मोजला जात असला, तरी त्याचे नियंत्रण दिवसांच्या हिशेबावर अवलंबून असते, हे या मार्गाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

सरळ अंतर : पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन स्थळांमधील लघुतम अंतर बृहद्‌वृत्ताच्या कंसाने मोजतात. चिकलठाणा विमानतळ सु. १९° ५२' उ. अक्षांश व ७५° २४' पू. रेखांश यांवर, तर दिल्लीचा विमानतळ सु. २८° ३४' उ. व ७७° ७' पू. यांवर आहे. अक्षांशांतील फरक ८° ४२' असून या पट्ट्यात एका अंशाची लांबी १११ किमी.हून किंचित कमी असल्याने दक्षिणोत्तर अंतर सु. ९६४ किमी. भरते. रेखांशांतील १° ४३' फरकामुळे पूर्वपश्चिम अंतर सु. १७४ किमी. येते. दोहोंचा मेळ घातला असता सरळ अंतर सु. ९८० किमी. होते. याच रीतीने औरंगाबादहून मुंबईचा विमानतळ सु. २८० किमी. व हैदराबादचा सु. ४३० किमी. दूर आहे. जमिनीवरील अंतरे अर्थातच अधिक आहेत : मनमाड व भोपाळ यांमार्गे नवी दिल्लीपर्यंतचा लोहमार्ग सु. १,४०० किमी. आहे. सातपुडा, विंध्य व अजिंठ्याचे डोंगर, तसेच तापी, नर्मदा व चंबळ या नद्या यांमुळे जमिनीवरचा मार्ग घाट व उतार शोधीत वळणे घेत जातो.

तुघलक काल : यादवांची राजधानी देवगिरी चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्लीच्या सुलतानांकडे आली. मुहम्मद तुघलकाने (कार. १३२५–५१) १३२७ च्या सुमारास तिला दौलताबाद हे नाव देऊन तेथे आपले ठाणे हलविले. त्याचा समकालीन इतिहासकार झियाउद्दीन बरनी याने या निर्णयाचे कारण देताना देवगिरी ही साम्राज्याच्या सर्व प्रांतांपासून सारख्या अंतरावर असल्याचे म्हटले आहे. हे विधान तपासून पाहण्यासारखे आहे. दिल्लीहून मदुराई सरळ रेषेत सु. २,०७० किमी. दूर आहे, तर देवगिरीहून ती सु. १,१५० किमी.वर येते. दक्षिणेच्या दृष्टीने सुलतानाचा हिशेब बरोबर होता. परंतु वायव्य सरहद्दीवरील मुलतान दिल्लीपासून सु. ५८० किमी., तर देवगिरीपासून सु. १,२०० किमी. दूर पडते. दक्षिण जवळ आणताना सरहद्द दुपटीने दूर गेली. मुलतानचा सुभेदार किश्लू खान याने १३२७–२८ च्या सुमारास बंड केले, तेव्हा सुलतानाला दौलताबादहून उत्तरेकडे धाव घ्यावी लागली.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३३ मध्ये भारतात आला व पुढे ग्वाल्हेर, चंदेरी, धार, उज्जैन या वाटेने दौलताबादला पोहोचला. त्याने दिल्ली ते दौलताबाद हे अंतर चाळीस दिवसांचे सांगितले आहे. दुतर्फा झाडे लावलेल्या या वाटेवर डाकेच्या चौक्या होत्या व प्रवाशास लागणाऱ्या वस्तू तेथे मिळत, असे त्याचे वर्णन आहे. मार्गाची लांबी सु. १,२०० किमी. धरल्यास रोजची मजल सु. ३० किमी. पडते. माणसे, बैलगाड्या व ओझ्याची जनावरे यांना यापेक्षा वेगाने जाणे शक्य नव्हते. डाकेचा वेग मात्र निराळा होता. सिंधहून दिल्लीपर्यंतचा प्रवास पन्नास दिवसांचा असताना तेथील पत्रे सुलतानाला पाच दिवसांत मिळत, असे इब्न बतूता सांगतो. धावणारे जासूद दर मैलास तीन याप्रमाणे नेमलेले असत. सुलतान दौलताबादेस असताना चाळीस दिवसांच्या अंतरावरून गंगेचे पाणीही याच व्यवस्थेने त्याच्याकडे पोहोचविले जाई. म्हणजे एकाच मार्गावर बातमीचा काळ व माणसांचा काळ यांत दहापटीचे अंतर पडले होते. बंडाची वार्ता सुलतानाला लवकर कळे. तिचा बंदोबस्त करणारी फौज मात्र आपल्याच चालीने जाई.

या अंतराची किंमत प्रजेने मोजली. फुतूह-उस-सलातीन  या दख्खनमध्ये रचलेल्या काव्येतिहासाचा कर्ता इसामी हा दिल्ली सोडावे लागलेल्या कुटुंबातील होता. त्याचा नव्वद वर्षांचा आजा दिल्लीनजीकच्या तिलपत या पहिल्याच मुक्कामी मरण पावला. दिल्ली पूर्ण ओस पडली, हे तत्कालीन ग्रंथांतील वर्णन मात्र अतिशयोक्त मानले जाते. १३२७ व १३२८ मधील दिल्ली परिसरातील संस्कृत शिलालेखांवरून तेथील व्यवहार चालू असल्याचे दिसते. पुढे सुलतानाने लोकांना परत जाण्याची मुभा दिली. १३३५ च्या सुमारास मदुराई व १३४७ मध्ये दख्खन दिल्लीपासून वेगळे झाले. बहमनी सत्तेचा संस्थापक अलाउद्दीन हसन याचा राज्याभिषेक दौलताबाद येथेच झाला. ज्या ठाण्याने दख्खन दिल्लीशी बांधावयाचे, तेथूनच तो सुटला. राजधानी हलवून मध्यबिंदू बदलता येतो, पण एकूण अंतर कमी होत नाही, हा या प्रयोगाचा निष्कर्ष म्हणता येईल.

मोगल काल : मोगलांच्या दख्खन सुभ्याचे मुख्य ठिकाण झाल्यावर औरंगाबादचे महत्त्व वाढले. आग्र्याहून ग्वाल्हेर, सिरोंज, हंडिया येथील नर्मदेचा उतार, असीरगड व बऱ्हाणपूर यांवरून येणारा रस्ता अजिंठ्याचा घाट चढून औरंगाबादेस मिळे. सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाणारे व्यापारी व यूरोपीय प्रवासी याच शहरावरून जात. दख्खनचा सुभेदार औरंगजेब याने फेब्रुवारी १६५८ मध्ये औरंगाबाद सोडले. बऱ्हाणपूरचा मुक्काम व धर्मातची लढाई आटोपून तो आग्र्याजवळील सामूगढच्या रणांगणावर पोहोचला, तेव्हा सु. चार महिने लोटले होते. छत्रपती शिवाजी महाराज ५ मार्च १६६६ रोजी राजगडाहून निघाले व औरंगाबादमार्गे ११ मे रोजी आग्र्यास पोहोचले. या प्रवासास सु. ६७ दिवस लागले. पावसाळ्यात नर्मदा व तापी दुथडी भरून वाहू लागल्या, की हा मार्ग जवळजवळ बंद पडे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेस निघण्याच्या प्रथेमागे नद्यांना उतार मिळण्याचा हा हिशेबही होता.

औरंगजेब १६८२ मध्ये पुन्हा औरंगाबादेस आला तो उत्तरेस परतला नाही. त्याच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत मोगल साम्राज्याची सूत्रे दख्खनमधील छावणीतून हलत राहिली. १७०७ मध्ये तो अहमदनगर येथे मरण पावला व औरंगाबादजवळील खुलदाबाद येथे त्याचे दफन झाले. तुघलकाने राजधानी हलवून व औरंगजेबाने स्वतः छावणीत राहून जे साधण्याचा प्रयत्न केला, त्याचे मूळ एकच होते : दिल्लीत बसून दख्खनवर वेळेवर हुकमत चालविता येत नव्हती.

मराठा काल : हेच अंतर मराठ्यांना उलट दिशेने ओलांडावे लागले. सदाशिवरावभाऊंची फौज मार्च १७६० मध्ये मराठवाड्यातील परतूर परिसरातून उत्तरेकडे निघाली व ऑगस्टच्या आरंभी दिल्ली तिच्या हाती आली. या कूचास साडेचार महिने लागले. नद्यांचे पूर, तोफखाना व बरोबरचा मोठा बाजारबुणगा ही त्याची कारणे होत. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत येथे पराभव झाला, तेव्हा नानासाहेब पेशवे कुमकेसाठी माळव्यात आले होते. त्यांना ही वार्ता सरकारी डाकेने नव्हे, तर सावकारांच्या कासिदाकडील पत्रातून प्रथम कळली. हा कासिद पानिपतहून नवव्या दिवशी औरंगाबादेस पोहोचण्याच्या करारावर नेमलेला होता, असे ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद केले आहे. मोती, मोहरा व खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेतील ते पत्र पेशव्यांनी वाटेतच फोडले. नऊ दिवसांत पानिपत ते औरंगाबाद म्हणजे रोज शंभर किमी.हून अधिक मजल होय. फौजेला महिने लागणारा मार्ग पेढ्यांची बातमी काही दिवसांत कापीत होती. लढाईपूर्वी हाच काळ पेशव्यांच्या विरुद्ध गेला होता : भाऊंची अडचण कळून कुमक निघेपर्यंत व ती पोहोचण्यापूर्वीच निर्णय लागला.

निजामाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात राजधानी हैदराबादेस नेल्यावर औरंगाबाद हे दिल्लीच्या मार्गावरील टोक न राहता एका संस्थानाच्या वायव्य कोपऱ्यातील शहर बनले.

तारायंत्र व लोहमार्ग : १८५०–६० या दशकात आग्रा–मुंबई तारमार्ग सुरू झाल्यावर बातमीचा काळ दिवसांवरून मिनिटांवर आला. माणसाच्या प्रवासात असा बदल लोहमार्गाने घडविला. पण मुंबईहून उत्तरेकडे जाणारा मुख्य लोहमार्ग मनमाड, भुसावळ यांवरून गेला आणि औरंगाबाद त्यापासून शंभर किमी.हून अधिक दूर राहिले. जुन्या बऱ्हाणपूर रस्त्यावरील वाहतूक त्यामुळे ओसरली. १९०० च्या सुमारास मनमाड–हैदराबाद हा सहाशे किमी.हून लांब गोदावरी खोरे लोहमार्ग तयार होऊन औरंगाबाद आगगाडीने जोडले गेले. तथापि तो मीटरमापी असल्याने मनमाड येथे प्रवाशांना गाडी बदलावी लागे व माल उतरवून पुन्हा भरावा लागे. १९९० नंतरच्या दशकात हा लोहमार्ग रुंदमापी झाला, तेव्हा दिल्लीपर्यंत थेट गाडी शक्य झाली. तिला सु. एक अहोरात्र लागतो. चाळीस मुक्कामांचा मार्ग एका रात्रीच्या प्रवासावर आला. मात्र मधली सु. नव्वद वर्षे मार्गांच्या रुंदीतील फरकाने या शहराचा वेळ खाल्ला.

घड्याळातील काळही या सुमारास एक झाला. औरंगाबादचा स्थानिक मध्यम सौर काल भारतीय प्रमाण वेळेच्या सु. २८ मिनिटे व दिल्लीचा सु. २२ मिनिटे मागे असतो. १९०६ मध्ये प्रमाण वेळ लागू झाल्यानंतर निघण्याची व पोहोचण्याची वेळ सरळ वजा करून प्रवासकाल काढता येऊ लागला.

विमान वाहतूक : टाटांच्या विमानसेवेने १९३७ मध्ये मुंबई–दिल्ली मार्ग सुरू केला, तेव्हा विमाने इंदूर, भोपाळ व ग्वाल्हेर येथे थांबत. लहान विमानांच्या मर्यादित पल्ल्यामुळे आकाशातील टप्पेही जुन्या माळवा मार्गावरच पडले, ही गोष्ट लक्षणीय आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल योजना सुरू होऊन दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूर येथे एकत्र येत व टपालाची अदलाबदल करून परतत. साम्राज्याचा मध्यबिंदू शोधण्याची तुघलकाची कल्पना येथे टपालाच्या सोयीसाठी यशस्वी झाली. कारण येथे पिशव्या हलत होत्या, लोकवस्ती नव्हे.

विमानांच्या सामान्य वेगावरून ९८० किमी. अंतरास लागणारा हवेतील काळ काढता येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आलेल्या डाकोटा विमानास (वेग ताशी सु. २७० किमी.) सु. साडेतीन तास, व्हायकाउंटला (सु. ५०० किमी.) सु. दोन तास व बोइंग ७३७ या झोत विमानास (सु. ८०० किमी.) सु. सव्वा तास लागेल. प्रत्यक्षात दिल्ली–औरंगाबाद सेवा दीर्घकाळ सरळ नव्हती. अजिंठा-वेरूळच्या पर्यटकांसाठी दिल्ली, जयपूर, उदयपूर, औरंगाबाद व मुंबई असा जोडमार्ग इंडियन एअरलाइन्स चालवीत असे. अशा मार्गात उड्डाणाच्या वेळेइतकाच काळ मधल्या थांब्यांवर जाऊ शकतो.

याच मार्गावरील बोइंग ७३७ विमानास २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबाद येथे अपघात झाला. विमानात ११८ जण होते. धावपट्टीच्या जवळजवळ टोकाशी वर उठलेले हे विमान टोकापलीकडील रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गासड्यांच्या मालमोटारीस धडकले, पुढे विजेच्या उच्चदाब तारांना लागून कोसळले व ५५ जण मृत्युमुखी पडले. वैमानिकांनी विमान उचलण्यास केलेला विलंब व त्यांची चुकीची पद्धत, तसेच उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतुकीचे नियमन न होणे, ही कारणे चौकशीत पुढे आली. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सु. ५८० मी. उंचीवर आहे. उंचीमुळे व उन्हाळ्यातील तापमानामुळे हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते व विमानास अधिक लांब धावावे लागते. पुढे येथील धावपट्टी सु. २,८०० मी.पर्यंत वाढविण्यात आली. हवेतील वेगाचा पाया जमिनीवरील काही शे मीटरांवर असतो, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.

उड्डाणकालाचे घटक : वेळापत्रकात छापलेला काळ हवेतील काळापेक्षा नेहमी अधिक असतो. विमान आपल्या थांब्यावरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावरील थांब्यावर स्थिर होईपर्यंतचा काळ त्यात धरतात. धावपट्टीपर्यंत सरकणे, उड्डाणाची पाळी येईपर्यंत थांबणे, वर चढताना व उतरताना कमी वेगाने जाणे, तसेच ठरलेल्या हवाई मार्गांवरून वळणाने जाणे यांमुळे सव्वा तासाचे गणित सु. पावणेदोन तासांवर जाते. हिवाळ्यात उत्तर भारतावरून उंचावर वाहणारे जोरदार पश्चिमी वारे पूर्वपश्चिम उड्डाणांचा काळ बराच बदलतात. हा मार्ग मुख्यतः दक्षिणोत्तर असल्याने त्याच्यावर त्यांचा परिणाम तुलनेने कमी होतो. दिल्लीसारख्या गजबजलेल्या विमानतळावर धुके अथवा गर्दी असल्यास होणारा विलंब वाऱ्यापेक्षा मोठा ठरतो.

अंतर जसजसे कमी, तसतसा उड्डाणकालाचा एकूण प्रवासकालातील वाटा घटतो. औरंगाबाद–मुंबई हे २८० किमी. अंतर झोत विमान अर्ध्या तासाच्या आत कापू शकते. परंतु घरापासून विमानतळ, तेथील तपासणी व मुंबईतील रस्ता यांचा हिशेब धरल्यास ही बचत बरीचशी संपते. २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला होऊन २०२५ मध्ये पूर्ण झालेला ७०१ किमी. लांबीचा नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग व २०२३ अखेर सुरू झालेली जालना–मुंबई वंदे भारत गाडी यांनी या अंतरावर विमानाशी स्पर्धा निर्माण केली. दिल्लीच्या अंतरावर मात्र विमानाची बरोबरी दुसऱ्या कोणत्याही साधनास करता आलेली नाही.

ऐतिहासिक महत्त्व : या मार्गाच्या इतिहासात तीन प्रकारचे काळ वेगवेगळ्या वेगाने कमी झालेले दिसतात. बातमीचा काळ चौदाव्या शतकातच डाकेने घटविला होता व तारायंत्राने तो जवळजवळ नाहीसा केला. माणसाचा काळ आगगाडीने दिवसावर व विमानाने तासांवर आणला. शहराचा काळ, म्हणजे एखादे ठिकाण मुख्य प्रवाहाशी जोडले जाण्यास लागणारा काळ, यांपैकी सर्वांत सावकाश घटला. तो साधनांच्या वेगावर नव्हे, तर मार्ग कोठून न्यावयाचा या निर्णयावर अवलंबून राहिला. औरंगाबाद दोनदा मोठ्या सत्तेचे केंद्र झाले ते दिल्ली दूर होती म्हणून. दिल्ली दोन तासांवर आली, तेव्हा येथे राजधानी हलविण्याचे कारण उरले नाही. तेथपर्यंत थेट वाट असणे एवढीच गरज शिल्लक राहिली.